कामावरून काढलं, मग 'फुल अँड फायनल'ला ४५ दिवस का?

प्रश्न असा आहे की शुक्रवारी दुपारी मीटिंगला बोलावलं, हातात पत्र ठेवलं, संध्याकाळपर्यंत लॅपटॉप आणि आयडी कार्ड काढून घेतलं, नोकरी झाली सहा वर्षं आठ महिने, आणि आता एचआर म्हणतंय की फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सुटतानाचा शेवटचा हिशोब, ४५ दिवसांनी होईल कारण 'कंपनी पॉलिसी' तशी आहे. कायद्याने किती दिवसांत मिळायला पाहिजे, ग्रॅच्युइटी त्यातच येते का, आणि नाही दिलं तर काय करायचं.

मी २४ वर्षं हेच काम केलंय, आधी कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये आणि नंतर पेरोलला, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून लोकांचे हिशोब काढणारा मीच होतो आणि खरं सांगायचं तर अडवून ठेवणाराही मीच. त्यामुळे कायदा काय म्हणतो ते सांगतोच, पण आत काय चालतं ते पण सांगतो, कारण नुसता कायदा माहीत असून पैसे सुटत नाहीत.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की फुल अँड फायनल नावाची कुठली एक रक्कम असते. कायद्यात अशी रक्कमच नाहीये, ती पेरोलवाल्यांनी आपल्या सोयीसाठी बांधलेली मोट आहे. तिच्यात काम केलेल्या दिवसांचा पगार असतो, शिल्लक रजेचे पैसे असतात, नोटीस पे असतो, ग्रॅच्युइटी असते, कधी बोनस, कधी रिट्रेंचमेंटची, म्हणजे माणसं कमी करायची म्हणून काढल्याची भरपाई, आणि या प्रत्येकाची मुदत वेगळी आहे. कंपनी काय करते, सगळे बैल एकाच गाडीला जुंपते आणि त्यातला जो सगळ्यात सुस्त त्याच्या चालीने गाडी हाकते. म्हणून 'माझं एफ अँड एफ (फुल अँड फायनल) कधी होणार' असं विचाराल तर उत्तर ४५ दिवसच येणार. 'माझा १ तारखेपासूनचा पगार कधी देताय' असं विचारलं की मग समोरच्याला विचार करावा लागतो.

पगाराचं बघू. वेतन संहिता २०१९, म्हणजे ज्याला सगळे कोड ऑन वेजेस म्हणतात, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम १७ मध्ये लिहिलंय की काढून टाकलं, बडतर्फ केलं, रिट्रेंच केलं, स्वतः राजीनामा दिला किंवा कंपनीच बंद पडली, यातलं काहीही झालं तरी देय वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं. दोन दिवस. आणि ते कामाचे दिवस धरायचेत, म्हणजे तुमचं शुक्रवारी झालं आणि शनिवार रविवार सुट्टी असेल तर सोमवार, मंगळवार, आणि मंगळवार संपायच्या आत पैसे खात्यात. त्याच कलमात सरकारला वेगळी मुदत ठरवायची मुभा ठेवलीये, पण ती सरकारला आहे, कंपनीच्या एचआर हँडबुकला नाही.

हे काही आत्ता नवीन आलेलं नाही बरं का. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्येसुद्धा मालकाने काढलं तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पगार द्या असंच होतं. फरक दोन. एक म्हणजे जुना कायदा ठराविक पगारापर्यंतच्या लोकांना लागू होता, शेवटची मर्यादा महिना २४,००० रुपये होती, २०१७ पासून. त्याच्या वर पगार असला की एचआर खांदे उडवायचं, तुम्हाला लागू नाही म्हणायचं, आणि ते बरोबरही असायचं. आता ती मर्यादा गेली, मॅनेजर असो सुपरवायझर असो, वेतन देण्याबाबतचं प्रकरण सगळ्या एम्प्लॉयींना लागू आहे, ॲप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ सोडून. दुसरा फरक राजीनाम्याचा. पूर्वी दोन दिवसांची अट फक्त मालकाने काढलं तरच होती, राजीनामा देणाऱ्याला नेहमीच्या पगाराच्या तारखेला पैसे दिले तरी चालायचं, आता राजीनामापण त्यात आला. राजीनाम्यात दोन दिवस कधीपासून मोजायचे यावर लोक वाद घालतात, माझ्या मते शेवटच्या कामाच्या दिवसापासून, पत्र दिलं त्या दिवसापासून नाही, कारण नोटीस पिरियडमध्ये तुम्ही नोकरीतच असता.

मग ४५ दिवस आले कुठून. मी सांगतो कुठून आले. पेरोलचं इनपुट महिन्याच्या २० किंवा २५ तारखेला बंद होतं, त्याच्यानंतर कोणाला काढलं तर तो पुढच्या महिन्याच्या रनमध्ये जातो, मधे आयटी, ॲडमिन, फायनान्स, स्टोअर, लायब्ररी असली तर लायब्ररी, सगळ्यांचं नो ड्यूज, म्हणजे याच्याकडे आमचं काही बाकी नाही अशी सही, यायला पाहिजे आणि त्यातला एक माणूस कायम रजेवर असतो, त्यात ग्रॅच्युइटीची ३० दिवसांची मुदत मिळवा, झाले ४५. गंमत म्हणजे ४५ दिवसांचा आकडा इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये एका ठिकाणी खरोखर आहे. रिट्रेंच केलेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार री-स्किलिंग फंडात भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांच्या आत जायचा, असं ते कलम. पण ते पैसे तुमच्या कमावलेल्या पगारापेक्षा वेगळे, वरचे. एका एचआर मॅनेजरने मला हेच कलम दाखवून 'बघा ४५ दिवस लिहिलंय' असं सांगितलं होतं, त्याला पुढची ओळ वाचायला लावली तेव्हा गप्प बसला.

आणि ऑफ-सायकल पेमेंट, म्हणजे नेहमीच्या पगाराची तारीख सोडून मधेच पैसे देणं, करता येत नाही हे तर अजिबात ऐकून घेऊ नका. मी स्वतः केलीयेत. डायरेक्टरच्या ओळखीचा कोणी सोडून चालला की संध्याकाळी पाचला फोन यायचा आणि साडेसहाला एनईएफटी गेलेली असायची. सॉफ्टवेअर तेच, बँक तीच.

आता नो ड्यूज. इथे माझाच एक जुना अनुभव. कारखान्यात असताना एका टर्नरला शनिवारी काढलं, त्याच्या नावावर टूल रूममधला एक मायक्रोमीटर होता आणि तो सापडत नव्हता. वरून आदेश आला की मायक्रोमीटर येईपर्यंत पगार रोखा, मी रोखला, तीन आठवडे. तो माणूस रोज गेटवर यायचा, शेवटी त्याने लेबर ऑफिसला अर्ज केला, इन्स्पेक्टर आले, त्यांनी मला एकच विचारलं की बाबा हरवलेल्या वस्तूची किंमत किती, त्याची चूक आहे हे कोणी ठरवलं, त्याला लेखी विचारलं का. माझ्याकडे कसलाच कागद नव्हता. मायक्रोमीटर नंतर शिफ्ट इन्चार्जच्या ड्रॉवरमध्ये मिळाला. तेव्हापासून मी एक शिकलो की वस्तू परत येणं आणि पगार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसानीची कपात करायला कायद्यात जागा आहे, पण नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालंय हे दिसायला पाहिजे, त्याला बाजू मांडायची संधी द्यायला पाहिजे, आणि कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नको. सगळा पगार अडकवून बसणं हे यात कुठेच बसत नाही. शिवाय एका वेतन कालावधीत सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत अशी अट आहे, म्हणजे 'तुमचा हिशोब शून्य निघतो' असं पत्र आलं तर आधी कपातींचा तक्ता मागा.

तुमच्याकडून लॅपटॉप त्याच दिवशी घेतलाय ना, मग पोच घेतली का? नसेल घेतली तर आजच एक मेल टाका की अमुक तारखेला अमुक माणसाकडे लॅपटॉप, चार्जर, कार्ड जमा केलं. चार्जर लिहायला विसरू नका, हसू नका, चार्जरवरून हिशोब अडलेले मी पाहिलेत.

नोटीस पेचं थोडं गुंतागुंतीचं आहे. तुम्ही कामगार या व्याख्येत बसत असाल, म्हणजे मॅनेजर नाही आणि सुपरवायझर असाल तर पगार १८,००० च्या आत, आणि वर्षभर सलग सेवा झाली असेल, आणि काढायचं कारण शिस्तभंग नसून माणसं कमी करणं असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरून. तुमचे सहा वर्षं आठ महिने म्हणजे सात. जुन्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स ॲक्टच्या २५-एफ पासून हे चालत आलंय आणि यात मुदतीचा प्रश्नच नाही, कारण ही रक्कम देणं ही काढण्याची पूर्वअट आहे. पैसे नंतर देतो आणि आज घरी जा असं केलं तर ते काढणंच बेकायदा ठरू शकतं, कोर्टांनी कितीतरी वेळा तसं ठरवलंय. मॅनेजर असाल तर मात्र अपॉइंटमेंट लेटरमध्ये जेवढी नोटीस लिहिलीये तेवढीच, ते लेटर शोधून काढा, लोकांना ते कुठे ठेवलंय हेच माहीत नसतं. दोन महिने लिहिलं असेल आणि त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी घरी पाठवलं तर दोन महिन्यांचा पगार त्यांनी द्यायचा. पत्रात 'परस्पर संमतीने' किंवा 'राजीनामा स्वीकारला' असले शब्द घुसवलेत का तेही बघा, कारण राजीनामा लिहून घेतला की नोटीस पे द्यायचाच नाही, उलट तुमच्याकडूनच वसूल करायचा, ही जुनी चाल आहे.

रजेचे पैसे. कारखान्यात असाल तर फॅक्टरीज ॲक्टच्या वेळेपासूनच काढलेल्या किंवा सोडून गेलेल्या कामगाराला रजेचा पगारही दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचा असा नियम चालत आलाय, निवृत्ती किंवा मृत्यू असेल तर दोन महिने. ऑफिसला महाराष्ट्रात २०१७ चा शॉप्स ॲक्ट लागतो, वीस किंवा जास्त माणसं असतील तर (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा होती), त्यात २० दिवस कामामागे एक दिवस रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. इथे मुदतीपेक्षा भागाकारावर लक्ष द्या. बेसिक २८,००० आणि शिल्लक रजा २२ दिवस असेल तर ३० ने भागून २०,५३३ होतात आणि २६ ने भागून २३,६९२. पॉलिसीत कुठला आकडा लिहिलाय तो बघून मग बोला. आणि रजेचा बॅलन्स दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो लॉगिन बंद व्हायच्या आधी काढून ठेवायला हवा होता, तुमचं लॉगिन आता गेलंच असेल, तर शेवटची पगार स्लिप शोधा, बऱ्याच कंपन्या त्यावर बॅलन्स छापतात.

ग्रॅच्युइटी. ही वेतनात धरत नाहीत त्यामुळे दोन दिवसांची अट हिला नाही, हिची मुदत ३० दिवस. १९७२ च्या कायद्यातही हेच होतं आणि आता सोशल सिक्युरिटी कोडमध्येही हेच आहे. तुम्ही अर्ज करा किंवा न करा, रक्कम काढून तुम्हाला कळवणं हे मालकाचं काम आहे, तरी मी म्हणेन अर्ज कराच, लेखी, पोच घेऊन, कारण उशीर झाला तर साधं व्याज लागतं आणि ते कधीपासून धरायचं यावर मग वाद नको. पाच वर्षं सलग सेवेची अट आहे, फिक्स्ड टर्मवाल्यांना नवीन कोडने एक वर्षावर आणली, मृत्यू किंवा अपंगत्व असेल तर अटच नाही. हिशोब असा की शेवटचं मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, आणि सहा महिन्यांच्या वरचा भाग पूर्ण वर्ष, म्हणजे तुमची सात वर्षं.

आता खरी गोम इथे आहे. वेतन म्हणजे काय, याची व्याख्या नव्या कोडने बदललीये. भत्ते वगैरे वगळून जे उरतं ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर निम्म्याच्या वरचे भत्ते परत वेतनात मिळवायचे. समजा एकूण ७०,००० आणि बेसिक फक्त २८,०००, बाकी एचआरए, प्रवासभत्ता असले वगळले जाणारे भत्ते. जुन्या पद्धतीने ग्रॅच्युइटी निघते १,१३,०७७ आणि वेतन ३५,००० धरून निघते १,४१,३४६. अठ्ठावीस हजारांचा फरक आहे हा. २१ नोव्हेंबर २०२५ नंतर काढलं असेल तर नव्या व्याख्येने हिशोब मागा. पेरोल सॉफ्टवेअरमधला फॉर्म्युला बदलायचा राहिलाय अशा कितीतरी जागा असतील, मुद्दाम कोणी करत असेल असंही नाही, पण मागितल्याशिवाय बदलत नाही.

ग्रॅच्युइटी जप्त करतो अशी धमकी दिली असेल तर त्याचे प्रकार ठरलेले आहेत. मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर तेवढ्याच रकमेपुरती, आणि दंगा, मारहाण किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणून सेवा संपवली असेल तर पूर्ण किंवा काही भाग. यातल्या शेवटच्या प्रकारात आधी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली असलीच पाहिजे असं नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलाय, त्यामुळे शिस्तभंगाच्या केसमध्ये काढलं असेल तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. पण नुसतं परफॉर्मन्स बरोबर नाही म्हणून काढलं तर ग्रॅच्युइटीला हात लावता येत नाही. नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून ग्रॅच्युइटीतून कापतात ते पण चूक.

बोनस लवकर उरकतो. कायद्याचा बोनस हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, वर्षात ३० दिवस काम केलं असेल आणि पगार मर्यादेत असेल तर गेलेल्या माणसालाही मिळतो, मर्यादा जुन्या कायद्यात २१,००० होती. व्हेरिएबल पे वेगळा, तो करारावर, आणि 'पेमेंटच्या तारखेला रोलवर पाहिजे' ही ओळ जवळपास प्रत्येक लेटरमध्ये असते, त्यावर भांडून मी कोणाला फारसं मिळालेलं पाहिलं नाही.

पीएफ तर कंपनीच्या हातातच नाही, ते पैसे ईपीएफओकडे आहेत. कंपनीने फक्त डेट ऑफ एग्झिट टाकायची असते आणि तीच टाकत नाहीत, मग क्लेम रिजेक्ट होत राहतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की ती तारीख यूएएन पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता, आधार लिंक असेल तर ओटीपीवर होतं. टॅक्सचं एक लक्षात ठेवा, शेवटच्या हिशोबात टीडीएस जास्त कापलेला दिसतो कारण पुढे कंपनीकडे कापायला काही उरत नाही, ते रिटर्न भरताना जुळतं. रजेच्या पैशाला खासगी नोकरीत नोकरी सोडताना २५ लाखांपर्यंत सूट आहे, ती त्यांनी धरलीये का बघा. नोटीस पे वसूल करताना त्यावर जीएसटी लावलेला मी पाहिलाय, तो लागत नाही, २०२२ मध्ये सरकारने परिपत्रक काढून स्पष्ट केलंय.

आता करायचं काय. फोनवर बोलणं बंद करा, मेलवर या. मेलमध्ये राग नको, कायद्याचा निबंध पण नको. एवढंच लिहा की माझी सेवा अमुक तारखेला कंपनीने संपवली, १ तारखेपासून त्या तारखेपर्यंतचं वेतन वेतन संहितेच्या कलम १७ नुसार दोन कामाच्या दिवसांत देय होतं, ते अजून मिळालेलं नाही, कृपया कधी जमा करताय ते कळवा. रजा आणि नोटीस पे दुसऱ्या परिच्छेदात, ग्रॅच्युइटीचा अर्ज पूर्ण वेगळा. एकाच मेलमध्ये सगळं घातलं की उत्तर परत तेच येतं, एफ अँड एफ ४५ दिवसांनी. वेगळं लिहिलंत की पगाराचा मेल पेरोलला, ग्रॅच्युइटीचा ट्रस्ट किंवा फायनान्सला जातो आणि निदान पगार तरी सुटतो. माझ्या अनुभवात दहातल्या सहा सात केसेस इथेच मिटतात, कारण कलम नंबर लिहिलेला मेल एचआरला कंपनीच्या वकिलाकडे पाठवावा लागतो आणि वकील सांगतो की देऊन टाका.

नाही मिटलं तर सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस. वेतन संहितेखाली क्लेम तीन वर्षांपर्यंत करता येतो, जुन्या कायद्यात एकच वर्ष होतं. अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतात, दहापट कोणाला मिळेल असं मी म्हणत नाही, पण कंपनीच्या वकिलाला तो आकडा माहीत असतो. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या तीन स्लिपा, काढल्याचं पत्र आणि बँक स्टेटमेंट घेऊन जा, बस.

शेवटी सहीचं. हिशोबाबरोबर एक कागद येईल, 'सर्व रक्कम पूर्ण व अंतिम मिळाली, माझा कुठलाही दावा उरलेला नाही', आणि सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर नाही म्हणतील. कायद्याने देय वेतनाचा किंवा बोनसचा हक्क सोडून देणारा करार वेतन संहितेत रद्दबातल धरलाय, त्यामुळे सही केली म्हणून सगळं बुडालं असं नाही, पण भांडण लांबतं. सही करायचीच वेळ आली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, 'रुपये अमुक मिळाले, उरलेल्या रकमेचा हक्क राखून', तारीख घाला आणि त्याचा फोटो काढून मगच कागद परत द्या. समोरचा माणूस कुरकुर करेल, मीही करायचो, पण घ्यायचो.